बडोद्यात शांतता अध्ययनाचा अभ्यासक्रम उभा करताना

विद्यापीठात शांतता अध्ययनाचे केंद्र काढायचे ठरले की सर्वांत आधी पाटी तयार होते. मग उद्घाटन, दीपप्रज्वलन, गांधीजींच्या तसबिरीला हार आणि दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र. तिसऱ्या वर्षी पाटी असते, खोलीला कुलूप असते आणि संचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार कुणातरी राज्यशास्त्रवाल्याच्या गळ्यात असतो. या लेखात सुचवलेला क्रम उलटा आहे. आधी गुण असलेला एक पेपर, मग शहरातले काम, मग पदविका आणि पाटी सगळ्यांत शेवटी.

उदाहरणे बडोद्याची घेतली आहेत, कारण या विषयाला लागणारे साहित्य इथे हाताशी आहे. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या राज्यशास्त्रज्ञांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या नोंदी गोळा केल्या. देशभरातल्या एकूण बळींपैकी सुमारे ४६ टक्के बळी फक्त आठ शहरांत गेले होते, आणि त्या आठांत अहमदाबाद, मुंबई, हैदराबाद यांच्या जोडीला बडोदा आहे. सयाजीरावांचे, ग्रंथालयांचे, संस्कारी नगरी म्हणवणारे आपले बडोदा. या दोन गोष्टी एकाच गावात कशा नांदतात, हा प्रश्न घेऊन अभ्यासक्रम सुरू केला तर विद्यार्थ्याला विषयाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आधी काय शिकवायचे ते नक्की करा

शांतता अध्ययन म्हणजे मूल्यशिक्षणाचा मोठा वर्ग, हा समज अभ्यास मंडळातही असतो. तो पहिल्याच बैठकीत दूर करावा लागतो. या शाखेला स्वतःच्या संकल्पना आहेत, पद्धती आहेत, आकडेवारी आहे. अमेरिकेतल्या मँचेस्टर कॉलेजने १९४८ मध्ये पदवी पातळीवर हा विषय आणला. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ओस्लोत संशोधन संस्था उभी केली. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डचा विभाग १९७३ चा. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठ आणि जामिया मिलिया इथे केंद्रे आहेत, आणि गांधीजींनी १९२० मध्ये स्थापलेले अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ तर गांधीविचार शिकवतेच. एवढा इतिहास प्रस्तावाच्या पहिल्या पानावर पुरतो. त्याहून जास्त कुणी वाचत नाही.

गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची कल्पना मात्र नीट शिकवावी लागते, कारण बाकी इमारत तिच्यावर आहे. प्रत्यक्ष हिंसेत मारणारा दिसतो. संरचनात्मक हिंसेत व्यवस्थाच माणसाला घर, अन्न, औषध नाकारते आणि एकावर बोट ठेवता येत नाही. तिसरी सांस्कृतिक हिंसा, ती पहिल्या दोन्हींना ‘हे असेच असते’ असे म्हणायला शिकवते. मारामारी थांबली एवढ्यावर जी शांतता मोजली जाते ती नकारात्मक, आणि अन्याय कमी झाल्याने येते ती सकारात्मक.

हे शिकवायला ओस्लोला जायची गरज नाही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीचा करार पाळायला बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात उतरले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले. दिवाणांकडे सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज पडूनच होता. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सयाजीगंजातल्या कॅम्पसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

वर्गाला तिथे न्या आणि एकच काम द्या: या प्रसंगात कोणती हिंसा कुठे आहे ते लिहा. काठ्या सगळे ओळखतात. पडून राहिलेला अर्ज थोड्यांना दिसतो. सभ्य, सुशिक्षित मित्रांच्या नकाराला काय म्हणायचे यावर वर्ग अडतो, आणि तिथे खरे शिकवणे सुरू होते. मुख्य म्हणजे शिष्यवृत्ती देणारा राजा पुरोगामी होता, हुकूमही होता, तरी शहरात एक खोली मिळाली नाही. धोरण आणि समाज यांच्यातले हे अंतर पुढच्या सगळ्या तासांना पुरते.

एक महिना फक्त यादी करण्यात घालवा

नवे काही लिहिण्यापूर्वी विद्यापीठात आधीच काय शिकवले जाते ते पाहा. राज्यशास्त्रात आंतरराष्ट्रीय संबंध असतात, समाजशास्त्रात जात आणि जमात, मानसशास्त्रात पूर्वग्रह आणि समूहवर्तन, कायद्यात पर्यायी तंटानिवारण, शिक्षणशास्त्रात शांतता शिक्षण. समाजकार्य शाखेकडे तर प्रत्यक्ष वस्तीत काम करण्याची जुनी शिस्त आहे, जी बाकीच्यांनी उसनी घ्यावी अशी आहे. प्रत्येक विभागातल्या एका माणसाला चहाला बोलावून त्याचा पेपर समजून घ्या. परिपत्रक पाठवून माहिती मागवू नका. उत्तर येत नाही, आणि आले तर कारकुनाने भरलेले येते.

या यादीतून दोन गोष्टी हाती लागतात. निम्मा अभ्यासक्रम आधीच अस्तित्वात आहे, हे कुलगुरूंना दाखवता येते. आणि उद्या अभ्यास मंडळात ‘हा आमचा विषय आहे’ म्हणून जे विरोध करणार, ते आज तुमचे सहशिक्षक होतात.

पहिला पेपर

चार क्रेडिटचा, सर्व शाखांना खुला असा एकच पेपर आखा. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये तीन क्रेडिट वर्गाचे म्हणजे ४५ तास, आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिकाचे म्हणजे ३० तास. प्रात्यक्षिकाचे क्रेडिट वेगळे दाखवलेच पाहिजे. नाहीतर वेळापत्रकात ते दिसत नाही, आणि जे वेळापत्रकात दिसत नाही ते परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी गळते.

पहिले तीन आठवडे संकल्पनांना द्यावेत. त्यापुढचे तीन मोजमापाला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत वर्षाला किमान २५ माणसे लढाईत मेली तर तो सशस्त्र संघर्ष धरतात. चोवीस मेली तर? हा प्रश्न थट्टेचा वाटतो, पण व्याख्या बदलली की जगाचा नकाशा बदलतो हे त्यातूनच कळते. वर उल्लेख केलेल्या दंगलींच्या नोंदी टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीवरून घेतल्या आहेत. विद्यार्थ्यांना बडोद्यातला कोणताही एक जुना महिना द्या आणि इंग्रजी व गुजराती दैनिकांच्या फायली शेजारी ठेवून वाचायला लावा. एकच घटना दोन भाषांत कशी येते, आकडे कुठे बदलतात, कोणाचे नाव छापले जाते, कोणाचे ‘टोळके’ होते. हंसा मेहता ग्रंथालयात बसून करण्यासारखा याहून चांगला स्वाध्याय सुचत नाही.

ग्रंथालयाच्या नावावरून एक गोष्ट सांगायला हवी. हंसाबेन या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या, आणि १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द त्यांच्या आग्रहाने आले. रोज त्या दारातून आतबाहेर करणाऱ्या मुलांना हे माहीत नसते. पहिल्या तासाला सांगा.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात शहर, पुढचे तीन मध्यस्थीच्या कौशल्याला, उरलेले सादरीकरणाला. मूल्यमापनात लेखी परीक्षा निम्म्याहून जास्त ठेवू नका.

मंजुरीची वाट अभ्यास मंडळ, फॅकल्टी, विद्या परिषद आणि मग वरची मंडळे अशी जाते. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर सयाजीराव विद्यापीठातले जुने सिनेट-सिंडिकेट गेले आणि व्यवस्थापन मंडळ आले. त्यामुळे जुन्या फायलींतले नमुने जसेच्या तसे उतरवू नका. जूनमध्ये वर्ग सुरू करायचा असेल तर मसुदा आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तयार हवा. एका बैठकीत शंका निघाली की पुढची बैठक दिवाळीनंतर लागते, आणि तिथे वर्ष जाते.

शहर: इथे जास्त वेळ द्या

बडोद्यासाठी तीन विषय सुचवता येतील. एका सेमिस्टरला एकच घ्यावा.

पहिला विषय ज्याला इथे सगळे ‘अशांत धारा’ म्हणतात त्या कायद्याचा. १९९१ च्या या कायद्यानुसार अशांत म्हणून जाहीर झालेल्या भागात घर किंवा दुकान विकायचे तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने कुणी पडत्या भावात घर विकून पळू नये, हा मूळ हेतू. विक्री राजीखुशीने आहे का आणि भाव रास्त आहे का, हे तपासले जाते. २०१९ च्या दुरुस्तीने कलेक्टरचे अधिकार वाढवले आणि तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले. संरक्षणासाठी आलेला कायदा वस्त्या वेगळ्या ठेवण्याचे साधन होतो का? शेजारीच नसेल तर भांडण नाही, पण ती शांतता कोणत्या प्रकारची? गाल्टुंगची दोन शांततांची मांडणी वापरून बघायला इतका नेमका प्रश्न दुसऱ्या शहरात सहज मिळणार नाही. विद्यार्थ्यांनी कायदा, दुरुस्ती आणि निकाल वाचावेत, दस्तनोंदणीची प्रक्रिया समजून घ्यावी, एखाद्या वकिलाशी आणि एखाद्या इस्टेट एजंटाशी बोलावे. लोकांच्या दारावर थाप मारून ‘तुम्ही घर का विकले’ असे विचारण्याची गरज नाही.

दुसरा विषय नर्मदेचा. सरदार सरोवरामुळे तीन राज्यांतली २४५ गावे बाधित झाली. त्यातली ३३ महाराष्ट्रातली, अक्कलकुवा-अक्राणीकडची. डभोई आणि आसपासच्या तालुक्यांत विस्थापितांच्या वसाहती आहेत, आणि महाराष्ट्रातल्या काही कुटुंबांनीही गुजरातेत पुनर्वसन स्वीकारले. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा १९७९ चा. म्हणजे वसाहतीत वाढलेल्या पिढीशी आज बोलता येते. यजमान गाव आणि नवे गाव यांच्यात पाणी, गायरान, स्मशान यांवरून काय झाले आणि ते कसे मिटले, हे ऐकण्यासारखे असते. इथे आदिवासी भाषा जाणणारा सोबती हवाच. तेजगढच्या आदिवासी अकादमीसारख्या संस्थेशी आधी बोलून घ्या.

तिसरा विषय साधा दिसतो, पण माझ्या मते सर्वांत फलदायी आहे: शहरात कोण कोणासोबत बसते. वार्ष्णेय यांनी सहा शहरांची जोड्यांनी तुलना केली, त्यात अहमदाबाद-सुरत ही जोडी होती. निष्कर्ष असा की दोन्ही समाजांचे लोक जिथे व्यापारी मंडळे, कामगार संघटना, क्लब यांत एकत्र असतात तिथे अफवेची दंगल होणे अवघड जाते. नुसते शेजारी राहून आणि सणाला मिठाई देऊन ते साधत नाही. तेव्हा मांडवी, रावपुरा, फतेपुरा, पाणीगेट भागातल्या व्यापारी संघटना, रिक्षा युनियन, पतपेढ्या, क्रिकेट क्लब यांची पदाधिकारी मंडळे पाहा आणि तक्ता करा. आपली मराठी मंडळे, गणेशोत्सवाची मंडळे, दांडिया बाजारातल्या जुन्या संस्था यांनाही हाच प्रश्न लावा. उत्तर फार सुखावणारे येईलच असे नाही. घरात मराठी, बाजारात गुजराती, ऑफिसात हिंदी बोलणाऱ्या आपल्या लोकांना या शहरात कुठल्याही ओट्यावर बसता येते, हा फायदा मात्र मराठी विद्यार्थ्यांनी वापरावा.

याला भिवंडीची जोड द्या. १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या सुरू झाल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समितीवर कोणाला घेतले, बैठकीत काय बोलले जाई, भांडण कोणत्या पातळीवर मिटवले जाई, हे तपशील वर्गात उलगडावेत. समित्या आणि शांतता यांतला कार्यकारणभाव सिद्ध कसा करायचा, ही त्याच तासाची पुढची चर्चा.

वस्तीत जाण्यापूर्वीचे नियम

२००२ च्या दंगलींसारख्या घटनांवर काम करायचे असेल तर पहिल्या वर्षी कागदांवरच करा. हनुमान टेकडीच्या बेस्ट बेकरी प्रकरणात १४ माणसे मारली गेली. साक्षीदार फिरले, गुजरातेतल्या खटल्यात आरोपी सुटले, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा महाराष्ट्रात चालवायला लावला. न्यायालयीन निकाल, पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि शांती अभियान यांनी त्या वेळी केलेल्या नोंदी, वर्तमानपत्रे एवढे साहित्य एका सेमिस्टरला भरपूर आहे. ज्यांनी माणसे गमावली त्यांना विसाव्या वर्षाच्या मुलासमोर पुन्हा सगळे सांगायला लावणे हा अभ्यास नाही, आणि त्यासाठी कुणाचीही सही घेऊन ते योग्य ठरत नाही.

बाकीच्या क्षेत्रकार्यासाठी लेखी नियमावली हवी, आणि ती वर्ग सुरू होण्याआधी हवी. संमती गुजराती आणि हिंदीत, तोंडीही चालेल पण नोंदवलेली. नावे बदलूनच लिहायची. रेकॉर्डिंग विद्यार्थ्याच्या फोनवर ठेवायचे नाही, ते विभागाच्या संगणकावर उतरवून फोनवरून काढायचे. मुलींना एकटे पाठवायचे नाही, मुलांनाही नाही. मिरवणुकीच्या दिवशी क्षेत्रकार्य बंद. समाजमाध्यमांवर वस्तीचा फोटो टाकला तर गुण शून्य. शेवटचा नियम कठोर वाटतो, पण तो एकदा पाळला गेला नाही तर पुढे ती वस्ती तुम्हाला दार उघडणार नाही.

कौशल्य: मध्यस्थी

व्याख्यानांनी कोणी मध्यस्थ होत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी वेगळी तरतूद आहे: वस्तीतली शांतता बिघडवू शकेल असा वाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेण्याची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी बोलून विद्यार्थ्यांना लोक अदालतीला बसू द्या, निमविधी (पॅरालीगल) स्वयंसेवकांसोबत काम करू द्या. वर्गात सराव करायला सोसायटीतले वाद घ्या. पार्किंग, पाण्याची टाकी, नॉनव्हेज शिजवणारा भाडेकरू. तिसऱ्या वादात खोलीतले तापमान कसे चढते ते बघा.

शिक्षक, पैसा आणि दबाव

अशी केंद्रे बहुधा एका माणसाच्या उत्साहावर चालतात आणि त्याच्या निवृत्तीबरोबर संपतात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेपर दोन विभागांतल्या दोघांनी मिळून शिकवावा, आणि दर वर्षी त्यातला एक बदलावा. नेट परीक्षेत ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अध्ययन’ हा स्वतंत्र विषय आहे, संकेतांक ६०. पूर्णवेळ पद मागताना हे दाखवा, कारण ‘या विषयात पात्र उमेदवार कुठून आणणार’ हा आस्थापना विभागाचा ठरलेला प्रश्न असतो. निवृत्त पोलीस अधिकारी, न्यायाधीश, वस्तीत आयुष्य घालवलेले कार्यकर्ते यांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेता येते.

पैसा सुरुवातीला फारसा लागत नाही. परदेशी देणगीच्या मागे लागू नका. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याची कागदपत्रे सांभाळण्यात एक माणूस खर्ची पडतो आणि संशय फुकट मिळतो. संशोधन प्रकल्पासाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, पाहा.

दबाव येणार हे गृहीत धरा. २००७ मध्ये फाइन आर्ट्सच्या परीक्षेतल्या चित्रांवरून बाहेरचे लोक आत आले, विद्यार्थ्याला अटक झाली, अधिष्ठाते निलंबित झाले. परीक्षेचे काम सार्वजनिक आहे की नाही, बाहेरच्याने हरकत घेतली तर उत्तर कोणी द्यायचे, शिक्षक एकटा पडणार की विभाग सोबत उभा राहणार, हे वाद पेटल्यावर ठरवता येत नाही. दीड पानाचे धोरण लिहून विद्या परिषदेकडून मंजूर करून ठेवा. वाचनयादीत पोलिसांची बाजू, सरकारी अहवाल आणि विरोधी मते असली पाहिजेत. बचाव म्हणून नव्हे, त्यांच्याशिवाय संघर्ष समजतच नाही म्हणून.

गांधी-विनोबांचे स्थान काय? बडोद्यात शिकलेले विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. त्यांनी १९५७ मध्ये शांतिसेना काढली, नारायण देसाईंनी ती पुढे चालवली. निःशस्त्र स्वयंसेवक दंगलीत जाऊन नेमके काय करत, त्यांचे प्रशिक्षण कसे होई, कुठे ते अपुरे पडले, अशा प्रश्नांनी हा भाग शिकवावा. जयंतीचे भाषण वेगळे.

पदविका आणि पुढे

पेपर तीन वर्षे भरला, तर एक वर्षाची ४० क्रेडिटची पदव्युत्तर पदविका मागा. नोकरी करणाऱ्या शिक्षक, पोलीस, पत्रकार, वकिलांसाठी संध्याकाळचे वर्ग ठेवा. एम.ए. त्यानंतर, आणि तेही दोन पूर्णवेळ पदे मंजूर झाल्यावरच. पदांशिवाय एम.ए. सुरू केले की हंगामी शिक्षकांवर गाडा चालतो आणि नॅक मूल्यांकनाच्या भेटीत सगळे उघडे पडते.

पालक विचारतील, नोकरी कोणती? खरे उत्तर द्या. ‘शांतता अधिकारी’ नावाची जाहिरात येत नाही. समाजकार्य संस्था, विधी सेवा, कंपन्यांचे सीएसआर विभाग, पुनर्वसन प्रकल्प, पत्रकारिता, नेट देऊन अध्यापन, स्पर्धा परीक्षा अशा वाटा आहेत, आणि बहुतेकांच्या बाबतीत हा विषय मुख्य पदवीला जोड म्हणून उपयोगी पडतो. म्हणून पहिली पाच वर्षे तो जोडविषय म्हणूनच वाढू द्यावा. कुठला विद्यार्थी कुठे लागला याची वही विभागातल्या एकाने सांभाळावी, दर दिवाळीत फोन करून भरावी. पद मागायला जाल तेव्हा उद्घाटनाचे फोटो कोणी विचारत नाही, ती वही विचारतात.